विरळ रेषांची वाट

मंडळी, दुपारपासून एक नकाशा डोक्यातून जातच नाही.

हर्सूलला आमच्या शेजारी राहणाऱ्या खाला आज तो घेऊन आल्या. त्यांचे अब्बा निजामाच्या काळात मोजणी खात्यात होते, त्यांचा हा नकाशा. "तू पोरांना भूगोल शिकवती ना? मग हे मला समजून सांग."

वेरूळपासून वर खुलदाबादच्या दर्ग्यापर्यंत अब्बांनी पेन्सिलीनं वाट काढली होती. सरळ वर चढायचं सोडून ती भला मोठा वळसा घेत होती. मला हसूच आलं. "खाला, अब्बा लई फिरवतात हो!"

मग नीट बघितलं. नकाशावरची प्रत्येक तपकिरी रेषा सारख्या उंचीच्या जागा जोडते. रेषा दाटीनं आल्या की चढ उभा, विरळ असल्या की सोपा. अब्बांची वाट दाट रेषा टाळत, विरळ रेषांमधून वर जात होती.

वाटेशेजारी उर्दूत काहीतरी लिहिलं होतं. मला उर्दू येत नाही. खालांनी वाचलं, "अम्मा की राह."

पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अब्बांची अम्मा, माझी दादी. गुडघे गेले होते तिचे. तरी उरुसाला पायीच जायची, लेकाचा हात धरून."

त्यांना घरी सोडताना मी आमच्या पुढच्या दाराच्या उंच पायऱ्या टाळल्या. मागच्या उतारावरून, लांबून नेलं.

"इकडून कशाला गं?" खालांनी विचारलं, आणि माझा हात घट्ट धरला.

तुमच्यासाठी अशी लांबची वाट कुणी काढली होती?