साहेब आले, मनगट फिरवा!

अमरावतीच्या आमच्या कार्यालयात फाईल निकाली निघायला वेळ लागायचा. किस्से मात्र रोजच्या रोज जमा व्हायचे. मी निवृत्त झालो तेव्हा फायली तिथेच राहिल्या, किस्से माझ्यासोबत घरी आले. त्यांतले हे सुनंदाताईंच्या मनगटाचे.

*

ताई माझ्या शेजारच्या टेबलावर डेटा एन्ट्री करत. राजापेठेत त्यांच्या घरचं फुलांचं दुकान. सकाळी गजरे गुंफायचे, मग ऑफिस. एके दिवशी गुंफता गुंफता दोराच बोटांतून गळाला. बोटांना मुंग्या, मनगटात कळ. डॉक्टर म्हणाले, "मधूनमधून हात थांबवा, मनगट सरळ ठेवा. नाहीतर बोटांतली ताकद जाईल."

उन्हाळ्यात लेकीचं लग्न, आणि त्यांच्या घरात मुंडावळ्या आईच गुंफते.

ताईंनी ऑफिसात जाहीर केलं, "मुंडावळ्या मीच गुंफीन! सरकारले ऑपरेटर दुसरी भेटन. माह्या पोरीले माय कुठून आणू?"

*

आमच्या नव्या खुर्च्या वरखाली होत. पण साहेबांपेक्षा उंच कोणी बसायचं नाही, हा आमचा अलिखित नियम. आणि साहेब होते बुटके! त्यामुळे सगळ्या खुर्च्या तळाला, कीबोर्ड हनुवटीशी आणि मनगटं वाकडी.

ताईंनी खुर्ची कोपराच्या हिशेबानं वर घेतली. हेडक्लार्क देशमुखभाऊ दचकले.

"ताई, सायेब ठेंगणे दिसतीन नं जी!"

"मंग त्याईले वर घ्या. मी खाली येत नाई!"

*

पुढे अकोल्याला आरोग्याचं प्रशिक्षण निघालं. 'दर अर्ध्या तासानं उठा' हे एक तज्ज्ञ थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगत राहिले. आम्ही माना खाली घालून लिहून घेत होतो.

शेवटी ताई उठल्या. "सर, तुमी उठाचं सांगून राहिले, पण उठू कवा देता?"

टाळ्या पडल्या. हातांना त्या दिवशी तेवढाच व्यायाम.

*

परत आल्यावर अडचण वेगळीच. ताई एकट्याच उठल्या की साहेब विचारत, "काम नाही वाटतं?" उठायचं तर सगळ्यांनीच उठायला हवं. पण देशमुखभाऊंचं तत्त्वज्ञान पक्कं, "उठलेला माणूस रिकामा दिसते, ताई." ताईंनी मोबाइलवर गजर लावून पाहिला. जो तो म्हणे, "एवढं हातातलं होऊ द्या."

आमच्या हॉलमध्ये कीबोर्डवरचे हात एकाच गोष्टीनं सुटत. दारातले शिपाई नामदेवराव ओरडत, "सायेब आले!" की सगळे ताडकन उभे.

ताईंनी नामदेवरावांना गाठलं. "दर अर्ध्या तासानं ओरडा."

"पन सायेब तर आत बसले हायेत!"

"मंग तोंड बाहेर करून ओरडा!"

पहिल्या आरोळीला सगळे उभे. कोणीच आलं नाही. ताई म्हणाल्या, "उठलेच आहा, तर मनगट फिरवा!" देशमुखभाऊंनी कुरकुरत का होईना, फिरवलं. पुढे सवयच लागली. साहेब दार किलकिलं करून बघत. दर अर्ध्या तासानं अख्खा हॉल उभा! आपला मान वाढला म्हणून ते खूश. त्यांनी हरकत घेतली नाही.

*

लग्न मोर्शीला झालं. नवरा-नवरीच्या कपाळावर ताईंनी स्वतः गुंफलेल्या मुंडावळ्या. एक फूल सैल नव्हतं. आमचं ऑफिस पंगतीत बसलं होतं. तेवढ्यात साहेब मांडवात शिरले. दाराशी पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या नामदेवरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सायेब आले!"

अख्खं ऑफिस पानावरून उठलं आणि मनगटं फिरवू लागलं. देशमुखभाऊंची बोटं तर वरणानं भरलेली! साहेब दारातच हात जोडून उभे.

नवरदेवाचे मामा ताईंजवळ आले आणि हळूच म्हणाले, "विहीणबाई, तुमच्याकडची रीत हाय काय जी?"

ताईंनी पोरीच्या कपाळाकडे पाहिलं. "हो जी. याच्याशिवाय मुंडावळ्या होत नाईत आमच्यात!"

मामा गर्रकन वळले. "अबे, पाहून काय राहिले? उठा सारे!"

सगळा वरपक्ष उठला. नवरदेवानं मुंडावळ्या सावरल्या आणि दोन्ही मनगटं फिरवायला घेतली.