अकोल्याच्या उन्हात माझा बिनपंख्याचा कॉम्प्युटर

पुणे स्टेशनवर सामान तपासणाऱ्या पोलिसाने माझी पिशवी उघडायला लावली आणि गोधडीत गुंडाळलेली वस्तू पाहून तो विचारात पडला. काळ्या ॲल्युमिनियमचा ठोकळा, सगळीकडून फणीसारखे दाते आणि वजनाला पाट्यासारखा.

"हे काय?"

"कॉम्प्युटर."

"असला? पंखा-बिंखा काही दिसत नाही."

"त्याला पंखाच नाही!" हे मी इतक्या आनंदाने ओरडून सांगितलं की मागच्या रांगेतली माणसंही माना वाकडी करून बघायला लागली. पोलिसाने मला घाईघाईने पुढे सोडलं.

त्याला काय माहीत, त्याने माझ्या दुखऱ्या नाही, पण सगळ्यात हुळहुळ्या जागेवर बोट ठेवलं होतं! मी घरी बसून भाषांतरं करते आणि मला आवाज सहन होत नाही. शेजारच्यांचा मिक्सर, वरच्यांची खुर्ची, कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर, सगळ्याने माझं डोकं उठतं. मिक्सर आणि खुर्चीचं काही करता येईना, म्हणून पंख्याच्या मागे लागले. दोन वर्षं भाग जमवून, कापून, घासून हा ठोकळा उभा केला. त्याची सगळी उष्णता त्या दात्यांमधून हवेत जाते. चालू असताना नुसता दिवा दिसतो. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या हाताने केलेली एवढी सुंदर गोष्ट दुसरी नाही, आणि यात नवऱ्याला वाईट वाटण्यासारखं काही नाही.

त्याचे फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकले आणि तिथेच सगळं बिनसलं. आमचा ग्रुप म्हणजे कॉम्प्युटरने वेडावलेल्या मराठी माणसांचा ऑनलाइन आखाडा. तिथे लाल कंपनीचा प्रोसेसर चांगला की निळ्या कंपनीचा, यावरून सख्खे भाऊ एकमेकांना ब्लॉक करतात. कीबोर्ड टकटक वाजणारा असावा की मुका, यावर पाच-पाचशे ओळींचे निबंध येतात. अशा ठिकाणी अकोल्याच्या सबीहाने माझ्या फोटोखाली एकच ओळ लिहिली: "पुण्याच्या थंडीत कोणीबी बिनपंख्याचं चालवते. मे महिन्यात अकोल्याले आणा."

सबीहा तिथल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिच्या कॉम्प्युटरला सात पंखे आहेत आणि सातही रंगीत उजेड पाडतात. मी लिहिलं, "आणते." मग पैज ठरली. दोन्ही कॉम्प्युटरांना तिच्या घरी भर दुपारी जड काम लावायचं. संध्याकाळच्या अजानपर्यंत माझा टिकला, तर तिने स्वतःच्या हाताने आपला एक पंखा काढून टाकायचा. तापून बंद पडला, तर मी स्वतःच्या हाताने माझ्या ठोकळ्याला पंखा बसवायचा. दोघींनीही फोटो ग्रुपवर टाकायचा. विचार करा, दोन वर्षांच्या तपश्चर्येला पंखा!

"इंटरनेटवरच्या माणसांना भेटायला? मे महिन्यात? अकोल्याला?" नवऱ्याचा आवाज प्रत्येक प्रश्नाला एकेक पायरी वर चढत गेला. मी तोवर गोधडी शोधत होते.

गाडी अकोल्यावरूनच जात होती, पण मी आधी अमरावतीला गेले, कारण पैजेचे पंच तिथे राहतात. संघपालदादा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात नोकरीला आहेत आणि ग्रुपवर, विंडोजऐवजी वापरायच्या त्या फुकटच्या लिनक्स सिस्टिमचे एवढे कट्टर भक्त आहेत की कोणी घसा दुखतो म्हणालं तरी ते लिनक्स टाकायला सांगतात. स्टेशनबाहेर डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, उंचापुरा माणूस हात जोडून उभा होता.

"जय भीम ताई! कुठी हाये तो?"

मी गोधडीचं टोक उचलून दाखवलं. दादांनी दात्यांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. पैजेच्या पंचाने असं करू नये, पण मला गुदगुल्या झाल्या.

त्यांनी मला गिला वडा (दह्यात भिजवलेला, वर तिखट-गोड चटण्या ओतलेला वडा) खायला नेलं. मी दुसरी बशी मागवली तशी चर्चा आमच्या ग्रुपच्या सनातन वादावर आली. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा मलम लावतात, तो किती लावावा? पुण्या-मुंबईचे म्हणतात तांदळाच्या दाण्याएवढा. काहीजण म्हणतात वाटाण्याएवढा.

"तुरीच्या दाण्याएवढा," दादा शांतपणे म्हणाले. "तांदूळ कमी पडते, वाटाणा सांडते. आमच्या इकडं तूर काहून पिकते? उगीच?"

शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आपली बशी उचलून ते लांब जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याच्या एसटीत बसलो. दादांनी खिशातून दोन कांदे काढले. ऊन लागू नये म्हणून इकडे खिशात कांदा ठेवतात. एक मला दिला आणि दुसरा कॉम्प्युटरच्या पिशवीत सरकवला.

"त्याले पण ऊन लागते ना ताई."

खिडकीबाहेर उन्हाळी नांगरट झालेली काळी रानं लांबवर पसरली होती, मधूनच एखादा लिंब आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीने उभी असलेली गुरं. वारा असा येत होता की कोणी तरी चुलीचं तोंड माझ्याकडे वळवून ठेवलंय. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा एका मावशींनी आपला जेवणाचा डबा सरळ माझ्या ठोकळ्यावर ठेवला. मी दचकले, पण त्या म्हणाल्या, "राहू द्या ना बाई, गरम राहीन." अजून चालूही न केलेला माझा कॉम्प्युटर नुसत्या उन्हाने एवढा तापला होता! मी पिशवी सावलीच्या बाजूला ओढून घेतली.

सबीहाचं घर जुन्या शहरात आहे. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघून हसली आणि काहीतरी म्हणाली. मला ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आले नाहीत, कारण खिडकीत कूलर चालू होता. वऱ्हाडातला कूलर म्हणजे टपाएवढा पत्र्याचा डबा. त्यात पाणी, तिन्ही बाजूंना ओल्या जाळ्या आणि आत एवढा मोठा पंखा, की खोलीत जणू विमान उतरतंय.

"हा असाच वाजतो?" मी ओरडले.

"काय?"

"असाच वाजतो का?"

"हो! मार्चपासून जूनपर्यंत! याच्याबिगर झोपच नाई लागत आमाले!"

मी मटकन खाली बसले आणि हसत सुटले. दोन वर्षं मी एका पंख्याची घरघर घालवण्यात काढली होती, आणि ती शांतता घेऊन मी अशा गावात आले होते जिथे ती कोणाला ऐकूच येणार नव्हती. सबीहाचे सातही पंखे चालू होते म्हणे. मला त्यांचा ब्र ऐकू आला नाही. आम्ही ग्रुपवर आठवडेच्या आठवडे नियमांवर भांडलो, तापमान कुठल्या सॉफ्टवेअरने मोजायचं यावर रुसलो, पण कूलरचा आवाज कोणाच्या डोक्यात आला नव्हता!

सबीहाच्या अम्मींनी भाकर, वांग्याची भाजी आणि आंब्याचा रस असं जेवण वाढलं. पाहुणी पुण्याची म्हणून तिखट कमी केलंय, असं त्या म्हणाल्या. ते ऐकताना माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. जेवणं झाली आणि दादांनी टेबलावर दोन्ही कॉम्प्युटर मांडून नियम वाचून दाखवले. छताचा पंखा बंद, कारण तो पंखा आहे.

"आणि कूलर?" मी विचारलं.

दादांनी जराही वेळ न घेता निकाल दिला. "कूलर पंखा नाई. कूलर अकोल्याचं हवामान हाये."

दोन्ही कॉम्प्युटरांना इन्व्हर्टर जोडला, लांबलचक व्हिडिओंचं काम लावलं. माझा ठोकळा तापायला लागला, पण मजेत होता. दादा फोनवरून ग्रुपला तापमानाचे आकडे कळवत होते. अम्मी आतल्या खोलीत झोपायला गेल्या. मी सबीहाला डोळा मारला. अजान आता लांब नव्हती.

आणि लाइट गेली.

कूलर घरघरत घरघरत थांबला. इन्व्हर्टर त्याला ओढत नाही, तो फक्त आम्हा दोघींच्या कॉम्प्युटरांसाठी होता. खोलीत एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत सबीहाचे सात पंखे पहिल्यांदा ऐकू आले, मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखे. माझ्या कॉम्प्युटरमधून काहीच आवाज येत नव्हता. इतका सुंदर तो मला कधीच वाटला नव्हता. पण आकडा चढत होता. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल. दात्यांना बोट लावलं तर चटका बसला. मी सबीहाकडे पाहिलं. जिंकणाऱ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नाही.

"काहून बंद झालं?" आतून अम्मी बाहेर आल्या. आवाज थांबल्यामुळे त्यांची झोप मोडली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, माझ्या ठोकळ्यावर हात धरला आणि पोळल्यासारखा मागे घेतला.

"या अल्ला! पाहुण्याचा हाये ना हा? अन् तुमी नुसतं पाहून राहिले?"

कोपऱ्यातला हातपंखा घेऊन, खुर्ची ओढून त्या टेबलाशी बसल्या आणि माझ्या कॉम्प्युटरला वारा घालायला लागल्या. पाहुणा उन्हातून आला की आधी त्याला वारा घालायचा, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या घरी माणूस आला होता की ठोकळा याने काही फरक पडत नव्हता. आकडा थांबला. मग एक खाली आला. मी डोळे पुसले. रडत होते की घाम पुसत होते, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

दादांनी ही बातमी ग्रुपवर टाकली आणि तिथे आग लागली. अम्मी पंखा आहेत की नाहीत? एक गट म्हणाला, हवा हलली म्हणजे पंखा. दुसरा म्हणाला, वीज लागत नाही, सबब नाही. एका मुंबईकराने अम्मींचा वेग किती आहे ते विचारलं. अम्मी वारा घालतच होत्या. शेवटी लांबून अजानचा सूर आला आणि सगळ्यांनी माझ्या ठोकळ्याकडे पाहिलं. दिवा चालू होता.

"मी हरले," मी म्हणाले. "पंख्याशिवाय टिकला नसता."

"नाई ताई. तुमी जिंकल्या." सबीहाने टेबलाच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "कूलर हवामान हाये, तर अम्मी पण हवामानच हाये."

"अगं, त्यांच्या हातात पंखा आहे!"

"माया मायले पंखा म्हणता काय?"

आमच्या ग्रुपच्या इतिहासात दोन माणसं हरण्यासाठी पहिल्यांदाच भांडत होती. पंच म्हणून दादांनी हात वर केले आणि लिनक्स असतं तर ही वेळच आली नसती, असं जाहीर केलं. सबीहाने आपला सातवा पंखा काढलाच. फोटोही टाकला. लाइट आली, कूलर धडधडला आणि पुढचं भांडण आम्ही ओरडून पूर्ण केलं.

निघताना अम्मींनी तो हातपंखा माझ्या पिशवीत घातला. "गाडीत लाइट गेली तर?" त्या म्हणाल्या. शेजारी दादांचा कांदा होताच.

आता मी पुण्यात माझ्या टेबलाशी बसले आहे. परत आले तेव्हा खोली शांत होती, मला हवी होती तितकीच. दोन दिवस दुपारी डोळा लागेना, तेव्हा सबीहाला कूलरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं; आता तोच कॉम्प्युटरवर हळू आवाजात लावून ठेवते. कॉम्प्युटरच्या पाठीला चार स्क्रू मारून अम्मींचा पंखा बसवला आणि ग्रुपवर फोटो टाकला. हा पंखा आहे की नाही, यावर तिथे अजून रक्त सांडतंय. नवऱ्याने चष्मा वर करून तो पाहिला आणि विचारलं, "याला वीज कुठून?"

"अकोल्याहून," मी म्हणाले आणि कूलर मोठा केला.