रोटातली माझी मूठ

नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांकडे कानबाई बसते, सोमवारी सकाळी तिचं विसर्जन. नारळाला डोळे, नथ लावून देवी मांडायची आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या मोठ्या पोळ्या, करायचे. आमच्यात रोटाचा गहू मोजताना घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ टाकतात. परगावी गेलेल्याची टाकतात, पाळण्यातल्याचीही टाकतात. ते रोट घरच्यांनीच खायचे, उंबऱ्याबाहेर द्यायचे नाहीत. सुरतेत आलो तरी आम्ही हे सोडलं नाही. सासू गेल्यापासून गोडादऱ्याच्या आमच्या घरात या मुठी मीच टाकत आले.

गेल्या दिवाळीपासून मी बमरोलीजवळच्या एका लहानशा वृद्धाश्रमात राहते. यंदा कानबाईच्या आदल्या दिवशी मोठ्या मुलाचा फोन आला. "माय, यंदा तू ऱ्हाऊ दे. तिसरा माळा शे, तुले चढता येवाव नही. मी रोट डब्बामा लई येसू."

डब्यात! म्हणजे मी बाहेरची झाले. मी फक्त माझ्या मुठीचं विचारलं, "मनी मूठ टाकी का?"

तो म्हणाला, "गहू तर दळाई ग्यात, माय."

फोन ठेवला आणि रडले. खोटं कशाला सांगू, चांगलं रडले. मग डोकं फिरलं. पदराने तोंड पुसलं, तडक स्वयंपाकघरात गेले आणि गव्हाचा डबा उघडला.

आमचा आश्रम सांभाळणारी बेन गुजराती. मनाने चांगली, पण मिठापासून टीव्हीपर्यंत सगळं तिला विचारून. आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना ती बा, म्हणजे आई, म्हणते. ती धावत आली. "बा, यहाँ पूजा नहीं होगी. सबका धरम अलग अलग है."

मी म्हटलं, पोटंही सगळ्यांची वेगळी आहेत, मग रोज रात्री खिचडी एकच का घालतेस? आणि परातीत गहू ओतून बाहेर आले.

रेल्वेतून रिटायर झालेले आजोबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. ते बौद्ध. आमचं रोज कशावरून तरी वाजतंच. त्यांनी चष्म्यावरून परातीकडे बघितलं. "देवबीव मी मानत नाही, ताई. पण माणसं मोजत असाल तर मला धरा."

मी धरलं. अंथरुणाला खिळलेल्या एक गुजराती बा आहेत, त्यांच्या खाटेपाशी परात नेली आणि त्यांचा हात गव्हात घातला. बोटं मिटेनात. मग त्यांच्या हाताभोवती माझा हात मिटला आणि दोघींनी मिळून मूठ टाकली. बेन दारात उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "अने मारी?" नियमात बसतं का, म्हणून मी तिला जरा छळलं, आणि तिचीही टाकली. माझी सगळ्यांच्या आधी टाकली होती, हे काय सांगायला हवं?

रविवारी कानबाई बसली. जन्मभर साड्यांवर खडे चिकटवून पोरं वाढवली, तेव्हा देवीची नथ करायला मला कितीसा वेळ लागणार? रोट झाले, खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली. बांना गोड बंद आहे. मी त्यांना खिरीचा एक चमचा भरवला, तेव्हा बेन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

आम्ही जेवत होतो, तेवढ्यात मोठा मुलगा डबा घेऊन आला. देवी बघून दारातच थांबला. चपला काढल्या, नमस्कार केला. मग माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. "चाल माय, घर चाल. मी तुले उचलीसन माळा चढाडसू."

माझंच लेकरू. त्याचं उतरलेलं तोंड बघून उठावंसं फार वाटलं. पण उठले नाही. पानातला रोट मोडला, घास खाल्ला आणि मग बोलले.

"आठे कानबाई बठेल शे. देव सोडीसन घरनी बाई कथी जास का? सकाय इसर्जनले ये. पाव्हना म्हनीसन ये."