काखेत धरायचं नाही

आटगाव स्टेशनावरून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याला एक गाव लागतं. तिथल्या शाळेत खिचडी शिजवणारी हौसा कोणाला चांगलं म्हणाली, असं ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचाय. गुरुजी तिच्या लेखी बिनकामाचे, कारण त्यांना तांदळातला खडा दिसत नाही. सरपंच त्याहून बिनकामाचा, कारण त्याला सगळं दिसतं आणि तो बघत नाही. तिच्या नवऱ्याचा विषय काढायची तर कोणाची छातीच नव्हती. गाव म्हणतं, त्याने हिला टाकली. हौसा म्हणते, "आंबलेली आमटी कोण जपून ठेवतो? मीच ओतून दिला त्याला." तेव्हापासून ती भावाच्या, आदेशच्या घरी आहे, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारपाजारचे आपापली दारं लोटून घेतात.

दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणं तिच्या स्वभावातच नव्हतं. अपवाद एकच, आदेशची पोर भूमिका. पाच वर्षांची झाली तरी या पोरीला एक वाक्य एका दमात बोलता यायचं नाही. "आत्या... मला... पेज..." एवढ्यावर ओठ जांभळे पडायचे. चार पावलं चालली की वाटेतच उकिडवी बसायची, धाप ओसरली की उठायची. कोणी म्हणालं हट्टी आहे, कोणी म्हणालं बाहेरचं आहे, उतारा टाका. हौसाने सगळ्यांची अक्कल काढली. मग अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयात जन्मापासून दोष आहे, ऑपरेशन लागेल. हौसाने त्यांचीही काढली. "एवढी वर्सं कुठं होतात?" पण भूमिका बोलायला लागली की हीच बाई हातातली पळी खाली ठेवायची आणि पोरीचा शेवटचा शब्द बाहेर येईपर्यंत गप्प उभी राहायची.

ऑपरेशन ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात झालं. भूमिकाची आई रंजिता तेव्हा नुकतीच बाळंत होऊन मुरबाडकडे माहेरी होती, आणि मुलांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूसच राहू शकतं. तेव्हा हौसा गेली. जाताना खिचडीचं काम शेजारच्या लखमाकडे सोपवलं आणि "करपवशीलच तू" असा आशीर्वादही दिला.

हॉस्पिटल तिने पहिल्या दिवशीच नापास केलं. चहा म्हणजे गरम पाण्याला दाखवलेली पत्ती. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई दिवसभर मोबाईलवर पोराचं दुखणं साऱ्या नातेवाइकांना वाटत बसलेली. भूमिकाला दिलेलं ते नळीचं खेळणं, ज्यातून हवा ओढून रंगीत गोळ्या वर उचलायच्या, त्याच्याकडे बघून तर हौसाने नाकच मुरडलं. पण डॉक्टरांचं एक सांगणं मात्र तिने मनात कोरून ठेवलं. छातीचं हाड कापून तारेने बांधलं आहे, ते सांधेपर्यंत पोरीला हाताला किंवा काखेत धरून उचलायचं नाही. एक हात ढुंगणाखाली, एक पाठीमागे, असंच उचलायचं. आपल्याकडे तर दिसलं पोर की घाल काखेत हात आणि कर उभं, हीच सगळ्यांची रीत. त्यामुळे येईल त्याला हौसा आधी दारातच हे बजावायची.

हे सगळं तिच्या हातातलं होतं. एक गोष्ट नव्हती. ऑपरेशन झाल्यापासून भूमिका बोलत नव्हती. एक शब्द नाही. ओठ आता गुलाबी होते, ताप नव्हता, टाके सुकत होते, पण पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. गोळ्या उचल म्हटलं तर नाही, चल म्हटलं तर नाही. डॉक्टर म्हणाले, "घशाला काही झालेलं नाही. रागावलीय आपल्यावर. बोलेल. पण चाललं पाहिजे, खोल श्वास घेतला पाहिजे, नाहीतर छातीत कफ साचेल आणि घरी सोडता येणार नाही."

"रागावलीय म्हनं!" त्यांची पाठ वळल्यावर हौसा पुटपुटली. पण ती घाबरली होती. घशात नळी घातली होती, ती काढताना पोरीची वाचाच ओढून नेली की काय, हे तिच्या मनातून जाईना. भावाला तिने सांगितलं नाही. त्या रडूबाईला सांगून काय करायचं!

अशात बाळाराम आला. हा हौसाचा चुलतभाऊ, गावचा पुढारी. पोर अंगणात धापा टाकत बसायची तेव्हा याला तिच्याकडे बघायला सवड नव्हती. उतारा टाकायचा सल्ला याचाच. आता वरातीमागून घोडं यावं तसा एक शहाळं घेऊन आला आणि आल्या आल्या मोबाईल सिस्टरच्या हातात दिला. "एक फोटो काढा. पोरगी माझ्या हातावर दिसली पायजे." हौसा त्यालाही दारातच बजावून बाटलीत पाणी भरायला गेली होती. ती परत आली तर याने भूमिकाच्या काखेत दोन्ही हात घातलेले.

हौसाने पाण्याने भरलेली बाटली त्याच्या मनगटावर हाणली.

"हात काढ! तारंनी बांधलाय तिचा हाड, तुझ्या बॅनरची दोरी नाय ती! सांगलाय ना, काखेत धराचा नाय? का कान घरी ठेवून आलास?"

"हौसाताय, लोकांसमोर काय बोलतस?" बाळाराम मनगट चोळत म्हणाला. "परत पाय नाय ठेवणार मी तुमच्याकडं."

"ठेवलास तर धुऊन ठेव. आनि तुझा शहाळा ने. आमची पोर काय नुसती बघायला ठेवल्याली नाय!"

सिस्टरने मोबाईल परत केला, बाळाराम गेला, आणि सारा वॉर्ड हौसाकडे बघत राहिला. भूमिकासुद्धा. भिंतीकडून वळून ती आत्याकडे टक लावून बघत होती. हौसाने ते पाहिलं आणि जीव गोळा करून विचारलं, "काय गो बाय?" पोरीने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने भूमिकाला उभं केलंच. आदेशने आणलेल्या नव्या चपला पायात घातल्या आणि आत्याबरोबर व्हरांड्यातून खिडकीपर्यंत धाडलं. पोर भिंतीला हात लावत पुढे, हौसा मागे. चार पावलं झाली, आणखी चार झाली. हौसाचा जीव कुठे भांड्यात पडतो न पडतो तोच भूमिका थांबली आणि मटकन उकिडवी बसली. घरी बसायची, अगदी तशीच.

म्हणजे सगळं फुकट! छाती फाडली, पोरीची वाचा गेली, आणि दोष आहे तिथेच! हौसाला पुढचं काही सुचलं नाही. ती धावली आणि पोरीच्या काखेत दोन्ही हात घालून तिला उचलायला गेली.

"सोड गो!" भूमिका किंचाळली. "दुखतंय ना! मी दमली नाय, चप्पल निसटली ती घालाया बसली, आनि तू काखेत धरतंस? बालूकाकाला बाटली हाणलीस आनि तूच उचलतंस! काखेत धराचा नाय सांगलाय ना डॉक्टरांनी, तुझे कान कुठं गेले, घरी ठेवलंस का?"

हौसाने हात कधीच काढून घेतले होते. जुन्या सवयीने ती पोरीची धाप लागायची, ओठ जांभळे व्हायची वाट बघत उभी होती. धाप लागलीच नाही. छातीवर हात दाबून धरलेला होता, पण ओठ गुलाबीच होते आणि डोळ्यांत नुसता संताप होता. एवढं सगळं पोरीने एका दमात ऐकवलं होतं, आणि अजून तिच्याकडे श्वास उरला होता.

सिस्टर धावत आली. "काय झालं? कोण ओरडलं?"

हौसाने पदराने डोळे पुसले. ती भूमिकासमोर फरशीवर बसली आणि जन्मात कोणाला म्हणाली नव्हती ते म्हणाली.

"चुकला गो बाय माझा."

"मंग चप्पल दे इकडं," भूमिका म्हणाली.

हौसाने दिली.