हर्षित इकडे, दिशा तिकडे

चांगदेव वाघमारे काहीच करत नाही, असं आमच्या आंबिवलीच्या चाळीत तुम्हाला कुणीही सांगेल. सांगणाऱ्याचं पोर बहुतेक त्याच वेळी चांगदेवच्या घरात बसून वरणभात खात असेल, ती गोष्ट वेगळी.

माणूस उंच, दणकट, मिशीवाला. डोंबिवलीच्या एका कंपनीत चौदा वर्षं मशीनवर होता. मालकाने कंपनी गुजरातेत हलवली तेव्हा मशीनं सोबत नेली आणि माणसं इथेच ठेवली. त्याच महिन्यात त्याची बायको प्रीती बाळंत झाली, तीही सातव्याच महिन्यात. पोरगी एवढीशी, हातात धरायची भीती वाटावी अशी. प्रीती स्वतः ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. तिने सांगितलं, ही जगवायची तर हिला कुणीतरी दिवसभर उघड्या छातीशी धरून बसलं पाहिजे. तिला स्वतःला तापाने उठवत नव्हतं. मग चांगदेवने शर्ट काढला, पोरगी छातीवर घेतली, वरून प्रीतीची जुनी साडी गुंडाळली आणि दोन महिने तो तसाच खुर्चीत बसून राहिला. चाळ बघायला लोटली. कुणी हसलं की तो म्हणायचा, "हसा, पण हळू. आत्ताच झोपलीय."

ती पोरगी म्हणजे दिशा. आता तीन वर्षांची आहे आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचं दूध नासेल. प्रीती सकाळी सहाला निघते. तिथून पुढे दिशाचं न्हाणं, भरवणं, दोन शेंड्या बांधणं, पडणं आणि रडणं हे सगळं चांगदेवचं खातं.

आता माझ्याबद्दल. मी पोस्टातून निवृत्त झाले. काउंटरवर तीस वर्षं काढल्यामुळे चाळीतला प्रत्येक सरकारी फॉर्म माझ्या हातून जातो, म्हणून मला सगळे पोस्टबाई म्हणतात. पुढे जो घोळ झाला त्यामागची अक्कल माझी होती, हे आधीच कबूल करते. नंतर सांगितलं की माणूस उगाच चोर दिसतो.

एका पगारात घर चालेना. प्रीतीच्या भावाने, राकेशने, भिवंडीच्या एका गोदामावर चांगदेवसाठी वॉचमनची नोकरी बघून ठेवली. बारा तासांची, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. "मला काय हौस आहे का," प्रीती माझ्यासमोर म्हणाली, "पण दुसरं काही असेल तर सांगा ना तुम्ही." चांगदेव दिशाची डावी शेंडी बांधत होता, आणि ती त्याने तीनदा सोडून तीनदा बांधली.

त्याच सुमाराला सरकारची 'चिमणपावलं' योजना निघाली. आईबाप दोघं कामावर जात असतील तर पाळणाघराचा खर्च सरकार देणार. मी पेपर वाचला आणि चांगदेवला घेऊन कल्याणच्या ऑफिसात गेले. दिशा अर्थातच सोबत, त्याच्या खांद्यावर.

"तुम्ही काय करता?" काउंटरवरच्या साहेबांनी विचारलं.

"पोरगी सांभाळतो."

"ते झालं. काम काय करता?"

"तेच सांगितलं ना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, तुम्ही कामाला जा आणि मुलीला पाळणाघरात घाला, सरकार पाळणाघराला पैसे देईल. मी विचारलं, पाळणाघरातली बाई काय करणार? तर म्हणे, मुलगी सांभाळणार. मी म्हटलं, हाच ते काम आत्ता करतोय, तर याला का नाही? "मॅडम, बापाने स्वतःची मुलगी सांभाळली तर त्याला काम म्हणत नाहीत," साहेब म्हणाले. एवढ्यात दिशाने त्यांच्या टेबलावरचा स्टॅम्प उचलून स्वतःच्या कपाळावर मारला. त्या ऑफिसात त्या दिवशी आमचा तेवढाच कागद मंजूर झाला.

घरी येऊन मी नियमांचं पुस्तक वाचलं. पोस्टात राहून एक गोष्ट शिकले: नियम करणारा नेहमी जेवणाच्या सुट्टीआधी घाईत असतो. आठव्या पानावर सापडलं. कुणीही दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन स्वतःच्या घरात पाळणाघर काढू शकतो. फक्त मूल दुसऱ्याचं पाहिजे.

चांगदेवच्या समोरच्या दारात मंजुळा राहते, रिक्षावाल्या महेंद्रची बायको. तिचा हर्षित चार वर्षांचा, आणि तीही त्याच्यापायी घरीच. मी दोघांना बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही दोघं पाळणाघर काढा. दिशा मंजुळाकडे, हर्षित चांगदेवकडे. म्हणजे दोघंही कामावर, दोन्ही पोरं पाळणाघरात, आणि सरकारच्या लेखी सगळं सोन्याहून पिवळं.

मंजुळाने बराच विचार केला. "म्हणजे भावजी माझं पोरगं सांभाळणार आणि मी त्यांची पोरगी. पण आत्ता पण तेच चाललंय ना मावशी? कुठलं पोर कुठे असतं कुणाला माहितीये?"

"आता कागदावर चालेल," मी म्हटलं.

ट्रेनिंग ठाण्याला वर्तकनगरच्या एका हॉलमध्ये होतं. तीस बायका आणि चांगदेव. पहिल्या दिवशी त्या त्याला कुणाचा तरी नवरा समजून बाहेर थांबायला सांगत होत्या. चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी दूध पाजल्यावर बाळाचा ढेकर कसा काढायचा ते रबरी बाहुलीवर दाखवलं. चांगदेव म्हणाला, "मॅडम, असं धराल तर बाळ तुमच्या साडीवर ओकेल," आणि पुढचा अर्धा तास वर्ग त्यानेच घेतला. सर्टिफिकेट मिळालं ते त्याने फ्रेम करून लावलं. चौदा वर्षांच्या नोकरीत कंपनीने त्याला एक स्टीलचा डबा दिला होता, कागद कधी दिला नव्हता. तो त्या फ्रेमकडे बघत राहिला तेव्हा मला गलबलून आलं. माझा स्वभाव तसा नाही.

नोंदणी झाली, आता तपासणी तेवढी बाकी होती. भिवंडीच्या नोकरीला आठ दिवस राहिले होते. मी पोरांची रंगीत तालीम घेतली. हर्षित शहाणा, लगेच शिकला. दिशाला म्हटलं, बाहेरची मॅडम आली की यांना पप्पा म्हणायचं नाही, काका म्हणायचं.

"पप्पा काका नाही," दिशा म्हणाली. "पप्पा पप्पाए."

चॉकलेट दाखवलं. तिने ते खाल्लं आणि पुन्हा तेच सांगितलं. मी चांगदेवकडे बघितलं, तर त्याने तोंड फिरवलं होतं. खुश झाला होता मेला.

आता आवडाबाई. त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. वय ऐंशीच्या पुढे, जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसलेल्या. मी ड्युटीवर असताना माझा मुलगा त्यांनीच वाढवला. असे चाळीतले तीसएक तरी असतील. मोबदला म्हणजे दिवाळीला एक लुगडं, तेही ज्याला आठवलं त्याच्याकडून. आणि चाळीत एक कायदा आहे तो त्यांचाच. काही वर्षांपूर्वी पोलिओचे डोस द्यायला बाई आली, तर एका घरात सात पोरं सापडली आणि सहा घरं रिकामी. कुठलं पोर कुठल्या घरचं याचा हिशोब लागेना, दारांवर खडूने काय लिहावं ते कळेना, बाई रडकुंडीला आली. तेव्हापासून निळी पेटी घेतलेली डोसवाली गेटात दिसली की आवडाबाई हाळी देतात, आणि चाळ हातातलं काम टाकून जिचं पोर तिच्या दारात उभं करते. याचा कधी विचार करावा लागत नाही. हात आपोआप चालतात.

मंगळवारी अकराच्या सुमाराला तपासणीच्या हेमांगी मॅडम आल्या. सगळं कागदाबरहुकूम होतं. हर्षित चांगदेवकडे चित्र रंगवत होता, दिशा मंजुळाकडे तिच्या पिठाच्या डब्यात हात घालून बसली होती. फक्त मॅडमच्या एका हातात रजिस्टर होतं आणि दुसऱ्या खांद्याला निळी चौकोनी पेटीसारखी पिशवी.

"पोलिओवाली आली गं," आवडाबाईंनी आवाज दिला. "आपापली पोरं घ्या."

मी नळावर होते. पाणी टाकून धावले, पण चाळ माझ्यापेक्षा चपळ. मंजुळाने दिशाला उचललं, चांगदेवने हर्षितला. दोघं गॅलरीत मधोमध भेटले, पोरांची अदलाबदल केली आणि आपापल्या दारात जाऊन उभे राहिले. दोघांच्या मागे भिंतीवर सर्टिफिकेटं लटकत होती. मॅडम जिना चढून वर आल्या तर दारोदार पोरं रांगेने आ वासून उभी, डाव्या हाताची करंगळी शाईसाठी पुढे केलेली.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

"बाई, डोस द्या की," आवडाबाई म्हणाल्या, "पोरांची तोंडं दुखतील."

मॅडमनी गोंधळून निळी पिशवी उघडली. आत त्यांचा जेवणाचा डबा होता, भाकरी आणि शेपूची भाजी.

मग त्या चांगदेवच्या दारात आल्या. "केंद्रचालक तुम्हीच ना? तुमच्याकडे नोंदवलेलं मूल कुठेय?"

"समोर," चांगदेवने प्रामाणिकपणे हात केला.

"आणि ही कोण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी सांगत होते, समोरच्यांची म्हण. दिशाने उघडं तोंड मिटलं, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि अख्ख्या आंबिवलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा माझा पप्पाए."

"माझी आहे मॅडम," चांगदेव म्हणाला. "खोटं नाय बोलत. तिला नाय म्हणायला नाय जमणार मला."

हेमांगी मॅडम खुर्चीवर बसल्या. बाई वाईट नव्हती, त्यामुळे भांडायला मजा येईना. मी विचारलं, मूल तेच, हात तेच, भात तोच. दाराचा उंबरा बदलला की काम, आणि नाही बदलला की आळस, हे कसं?

"घरी बसणाऱ्यांना द्यायला लागलो ना मावशी, तर उद्या घराघरातले नवरे म्हणतील, नोकरी सोड, सरकार देतंय," त्या म्हणाल्या. "ही योजना बायकांनी कामाला जावं म्हणून आहे. माझी मुलगीसुद्धा पाळणाघरातच आहे आत्ता."

मुद्दा खरा होता, त्यामुळे मला जास्तच राग आला. मी म्हटलं, आमची बाई कामालाच गेलीय, ठाण्याला. घरी बसलाय तो बाप्या आहे. त्यांनी रजिस्टर चाळलं. त्यात बाप्याचा रकाना नव्हता.

त्यांनी फसवणूक लिहिली नाही, एवढी माणुसकी दाखवली. 'मुले आढळली, केंद्र आढळले नाही,' असा शेरा मारला आणि दोन्ही पाळणाघरं रद्द केली. उठताना मात्र चांगदेवच्या फ्रेमपाशी थांबल्या. म्हणाल्या, हे सर्टिफिकेट चालू राहील. कल्याणला मुरबाड रोडच्या पाळणाघरात ट्रेनिंग झालेलं माणूस हवंय, मी फोन करते. तुम्ही कामाला लागलात की मुलगीही योजनेत बसेल, तिथेच घाला तिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक तारखेला चांगदेव भिवंडीऐवजी मुरबाड रोडला गेला, खांद्यावर दिशा. प्रीतीने पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. मंजुळाचा हर्षित होता तिथेच राहिला, आता दिवसभर समोरच्या कुलपाकडे बघत असतो.

नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा दाखला बँकेत द्यायला कल्याणला गेले होते. जिवंत आहे हे सिद्ध झाल्यावर वेळ उरला, म्हणून पाळणाघरात डोकावले. दोन खोल्या, मध्ये जाळीचं दार. अलीकडे छोटा गट, पलीकडे मोठा. चांगदेव अलीकडे सतरंजीवर बसून सहा पोरांना भरवत होता. दिशा पलीकडे. कर्मचाऱ्याचं मूल त्याच्या गटात ठेवायचं नाही, असा नियम आहे म्हणाला, लाड होतात म्हणे.

"संध्याकाळी सहानंतर माझीच आहे की," तो हसून म्हणाला. सहानंतरचे पैसे कुणी देत नाही.

तेवढ्यात दिशा जाळीशी आली. डावी शेंडी सुटून कानावर आली होती. तिने जाळीत बोटं घातली आणि तिच्या गटातली बाकीची पोरं मारतात तशीच हाक मारली.

"काका, माझी शेंडी सुटली."

या वेळी कुणी चॉकलेट दाखवलं नव्हतं. चांगदेव अर्धवट उठला. मग दारातल्या मोठ्या गटाच्या बाईंकडे बघून पुन्हा खाली बसला.

"ताईंना सांग हां बाळा," तो म्हणाला. "त्या बांधतील."

आणि त्याने भाताचा पुढचा घास समोरच्या पोराच्या तोंडात दिला.