टेस्टरची परीक्षा

विश्रांतवाडीत माझ्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त विज्ञानशिक्षिका कुणाच्याही शब्दावर विसंबत नाहीत, अगदी टेस्टरच्याही नाही. परवा त्यांचा बंद पडलेला पंखा पाहायला आलेला वायरमन स्टुलावर चढत म्हणाला, "बाई, मेन बंद केलाय."

"थांबा जरा," म्हणत त्या टेस्टर घेऊन माझ्याकडे आल्या. माझ्या चालू प्लगमध्ये तो पेटला, तेव्हा कुठे त्यांनी तो खरा मानला. मला हसू आलं. हसतच मी त्यांच्यामागून गेलो. त्यांनी तोच टेस्टर पंख्याच्या तारेला टेकवला, आणि तो तिथेही पेटला. मेन बंद होता, पण इन्व्हर्टर चालूच होता.

वायरमनने हात मागे घेतला. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही मेनला विचारलंत. हात तारेला लावणार होतात ना?"