काठ वर घेतलेलं कव्हर

त्या वर्षांत आमच्या घरात उघडं असं काही राहिलं नव्हतं. बाजार खुला झाला म्हणून पेपरात रोज रकाने भरून येत होते, कोठी भागातल्या दुकानांत नवनव्या वस्तू दिसत होत्या, आणि आम्ही त्या घरी आणून लगेच झाकत होतो. टीव्हीला झबलं, मिक्सरला टोपडं, फ्रिजच्या मुठीला मोजा. ही सगळी शिवण सासूबाईंची. मला बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि यावं अशी हौसही नव्हती.

गौलीगुड्यातल्या त्या घरात पहिला कमोड आला तो त्यांच्यासाठीच. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा नवऱ्याने मागच्या पडवीचा कोपरा बंद करून तो बसवून घेतला. त्यांनी जेमतेम एक पावसाळा वापरला आणि त्या गेल्या.

मागे राहिले सासरे. कोर्टातून निवृत्त झालेले, उर्दूत शिकलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पण कमोडवर बसायला तयार नाहीत. कपड्यांच्या तारेला धरत, शेवाळावरून अंगणापलीकडच्या जुन्या संडासात जायचे. एकदा घसरून पडलेच. पुन्हा पडले तर उठायचे नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. नवरा दिवसभर सिकंदराबादला ऑफिसात, म्हणजे ते पडणार माझ्या डोळ्यांदेखत. मी चिडून कारण विचारलं, तर म्हणाले, ते पांढरंफेक भांडं बघितलं की दवाखाना आठवतो.

मग पांढरं दिसायलाच नको, असं मी ठरवलं आणि सासूबाईंच्या मशीनवर बसले. पाय तालात पडेनात, चाक उलटं फिरून दोरा तुटायचा. कापड म्हणून त्यांचीच एक विरलेली नारायणपेठ साडी घेतली, गर्द जांभळी, पिवळ्या काठाची. झाकणासाठी वर्तमानपत्र कापून माप काढलं, कडेने नेफा करून इलास्टिक ओवलं. ते बरं जमलं. मागच्या टाकीचं कव्हर चढवल्यावर मात्र कळलं, की फ्लशची दांडी आतच राहिली. तिथे चीर देऊन हाताने काज केलं. वरची शिवण वाकडी गेली होती, ती झाकायला साडीचा काठ वर लावून टाकला. शिवणारी कुठलीही बाई काठ खाली घेते. मी वर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना दारापर्यंत नेलं. त्यांनी आत डोकावलं, चटकन मागे सरले आणि खाकरले. आमच्याकडे पुरुषमाणसं अशी खाकरूनच आत येत, म्हणजे बाईला पदर सावरायला वेळ मिळे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ते जन्मभर खाकरत आले होते. आता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

काय झालं, म्हणून विचारलं.

“ती आत आहे,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “जल्दी नक्को करू. उठू दे तिला.”

मी आत बघितलं. अंधुक उजेडात दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून, पाठमोऱ्या सासूबाई बसल्या होत्या. काठ बरोबर मानेखालून गेला होता. मशीनवर त्या अगदी अशाच बसायच्या.

ते कव्हर ओरबाडून काढावं असंच मला वाटलं. पण सासरे एव्हाना अंगणाकडे वळले होते. हात तारेकडे गेला होता आणि फरशी ओली होती. काही न सुचून मी दारातून हाक मारली,

“आई, मामंजींना जायचंय.”

ते थांबले. परत फिरून दाराशी आले, कुणाला तरी वाट द्यावी तसे नजर खाली घालून बाजूला झाले. खुब्याचं दुखणं असलेल्या माणसाला उठून बाहेर यायला जितका वेळ लागेल, तितका वेळ थांबले. मग आत जाऊन त्यांनी कडी लावली.

त्यानंतर रोज हेच. नवरा म्हणाला, काढून टाक ते, लोक हसतील. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. सासरे पुन्हा अंगणात गेले नाहीत की पडले नाहीत. बोलण्यात, हिशेबात त्यांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. भीती वाटायची ती मला. दुपारी एकटी असताना हाक मारल्याशिवाय माझंच पाऊल आत पडेना.

काही वर्षांनी ते झोपेतच गेले. तेराव्याची पाहुणेमंडळी पांगल्यावर मी दोन्ही कव्हरं काढली, धुतली, ट्रंकेत तळाशी घातली. टाकी पुन्हा पांढरीफेक दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दाराशी गेले. आत काही नाही, हे मला ठाऊक होतं. तरी खाकरले आणि बाजूला होऊन उभी राहिले. या वेळी जरा जास्तच थांबले. आता दोघांना बाहेर यायचं होतं, आणि दोघांचेही पाय अधू होते.